ओढणीची गाठ

शिफ्ट सुटली की चाकणच्या पाळणाघरातून लेकीला घ्यायची, स्कूटीवर मागं बसवायची आणि ओढणीनं माझ्या पोटाशी गाठ मारून बांधून घ्यायची. तळवड्याला घर येईपर्यंत ती माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपलेली असायची. मी मधूनच एक हात मागं नेऊन तिला चाचपायची.

तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घरात सगळेच कोसळले होते, म्हणून मी रडले नाही. तेरावं उरकून कंपनीत हजर झाले. "वाघीण आहेस," म्हणाले सगळे. डोंबलाची वाघीण!

तेव्हापासून पाठ धरली. एक्स-रेत काही निघालं नाही. कोणी म्हणे, दिवसभर उभं राहून होतं. कोणी म्हणे, गादी बदल. मी नुसती मान डोलवायची. तिचं डोकं टेकायचं, बरोब्बर तिथंच दुखत होतं.

परवा डॉक्टरांनी पाठीला रुंद पट्टा लावून पोटाशी आवळला. माझा हात आपोआप मागं गेला. मग जी रडायला लागले, ती थांबेचना. पट्टा रुततोय असं वाटून डॉक्टर तो सोडायला लागले.

मी त्यांचा हात धरला. "सोडू नका," म्हणाले. "पडेल ती."