सरळ जाणाऱ्याचा हात

सातवीतून शाळा सोडून मी भंडाऱ्याहून श्रीरामपूरला आलो. तिथल्या एका दुकानाच्या मालकांनी काम दिलं, जायला-यायला त्यांची स्वतःची सायकलही दिली. त्यांचे उपकार आहेत, म्हणूनच मोठ्या चौकात मी सायकल अगदी हळू घ्यायचो. सायकलला काही झालं तर?

त्या चौकात रोज एक अंडीवाले चाचा दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. कॅरियरवर अंड्यांचे ट्रे ट्यूबने आवळलेले. वळताना हात सगळेच दाखवतात, चाचा मात्र सरळ जातानाही तळवा पुढे धरायचे.

एके सकाळी आम्ही दोघं सरळ निघालो होतो. मागून एक कार आली आणि आम्हाला ओलांडून लगेच डावीकडे वळली. तिच्या धक्क्याने मी पडलो, सायकलचं पुढचं चाक वाकलं. कारवाला काच खाली करून ओरडला, "मरायचंय का रे?"

वळणारा तो, आणि ओरडणाराही तोच! आणि मी काय केलं? हात जोडले. "चुकलं साहेब."

चाचांनी अंड्यांसकट सायकल कारपुढे आडवी लावली. "हात खाली कर आधी," ते मला म्हणाले. "चुकला त्यो, आन् हात तू जोडतो व्हय?" मग कारवाल्याला म्हणाले, "वळायचं तुमाला हुतं. थांबायचं कुनी?"

"आता सायकलवाले मला शिकवणार!"

"शिकवत न्हाई, इचारतोय."

तो काच चढवून, गाडी मागे घेऊन निघून गेला.

संध्याकाळी मालकांनी वाकलेलं चाक पाहिलं. 'माझं चुकलं' अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "मी सरळ चाललो होतो, मालक. कारवाल्याने गाडी आडवी घातली."