भिंतीवरचा तिसरा रकाना

हिरडेवाडीत इंद्रायणीला विचारून कुणी काही केलं, असं फारसं घडलेलं नाही. माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. दहावीचा निकाल लागायच्या आधी तिच्या लग्नाची तारीख लागली आणि निकाल कळला तेव्हा ती सासरच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी होती. पास झाली होती. सासऱ्यांनी ‘बरं झालं’ म्हटलं आणि रोपांची पुढची जुडी तिच्याकडे फेकली. नवरा सुनील चांगला माणूस. पण तो आळेफाट्यावर टोमॅटोची पिकअप चालवतो, आठवड्यातून एकदा वाडीला येतो आणि आला की झोपतो. त्यामुळे त्याचा चांगुलपणा वापरायला फारसा वेळ मिळत नाही.

शाळा समितीचं अध्यक्षपदही असंच अंगावर पडलं. वाडीची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक एकच. अध्यक्ष पालकांपैकीच हवा असा नियम. पुरुषांना त्यात काही मिळण्यासारखं दिसेना, म्हणून त्यांना एकाएकी बायकांच्या हक्कांची आठवण झाली. इंद्रायणी त्या दिवशी पोरीला पहिलीत बसवायला आली होती आणि तिला सही करता येत होती, एवढ्या भांडवलावर तिची निवड एकमताने झाली. नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, पगार किती?

आता यात गप्प बसायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्यापलीकडच्या मढ गावी शाळा समित्यांच्या लोकांची बैठक झाली. सगळे चहा-बिस्किटं घेऊन घरी आले; ही मात्र तिथे बोललेलं ऐकून आली. शाळेत मुलं किती, पैसा किती आला नि कशावर गेला, मुलांना येतं काय, हे सगळं गावाला दिसेल असं लावायचं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर इंद्रायणीने काळ्या रंगाचा मोठा चौकोन रंगवून घेतला. पांढऱ्या रंगाने तीन रकाने पाडले: मुलं, पैसा, अभ्यास. आकडे खडूने भरायचे, वाडीची सभा भरली की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत भरायचे आणि अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने भरायचे. हा शेवटचा नियम तिचाच. दुसऱ्या कुणाच्या हातात खडू दिला की आकडा वाटेत बदलतो, असं तिचं म्हणणं होतं.

आयुष्यात तिने स्वतःहून मागून घेतलेली ही एकच गोष्ट. पहिल्याच वर्षी दुसऱ्या रकान्यात तिने लिहिलं की पाण्याच्या टाकीचे पैसे आले आणि खर्चही झाले. टाकी मात्र वाडीत कुणी पाहिली नव्हती. पंचायतीतला वाडीचा सदस्य सोमाजी, शाळेची कामं तोच बघायचा. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण भिंतीपाशी थांबून वाचायचा, मग मान वर करून छपराकडे बघायचा. महिन्याच्या आत टाकी आली. त्या दिवसापासून सोमाजी तिला ‘अध्यक्षीणबाई’ म्हणतो, आणि म्हणताना दात दाखवतो. ती टाकी पाहिली की इंद्रायणीला अजूनही आतून बरं वाटतं. वाटू द्या, तेवढंच तिचं आहे.

तिसरा रकाना मात्र टाकीसारखा सरळ नव्हता. त्यात वाचता येणारी मुलं किती, एवढाच आकडा असतो. नाव कुणाचंच नसतं. पण मुलांच्या रकान्यात बारा आणि अभ्यासाच्या रकान्यात अकरा लिहिलं, की राहिलेल्या एकाला नाव कशाला लागतं? शहरातल्या मोठ्या शाळेत असं पोर गर्दीत लपून जातं. हिरडेवाडीने लपायला गर्दी आणायची कुठून? गेल्या वर्षी तो एक होता ऋतिक, ठमाबाईचा नातू. ठमाबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी. लेक नि सून अवसरी बुद्रुकला मजुरीवर, पोर हिच्यापाशी. सभेच्या आदल्या दिवशी तिने हात पुसत पुसत इंद्रायणीला विचारलं होतं की एवढ्या खेपेला बारा लिहिता येईल का.

“मावशी, खरं ते लिवायचं,” इंद्रायणी म्हणाली होती. “एकाचं झाकलं की समद्यांचं झाकावं लागतं.”

बोलणं खोटं नव्हतं. पण आकडा लिहिला गेला आणि पोरं ऋतिकला रस्त्यात अडवून दुकानावरची पाटी वाच म्हणू लागली. दिवाळीनंतर बाप येऊन त्याला अवसरीला घेऊन गेला. तिथे तो शाळेत जातो की कांदे काढायला, हे ठमाबाई सांगत नाही आणि इंद्रायणीने विचारलेलं नाही. बाराचे अकरा झाले. आणखी एक पोर कमी झालं तर शाळा मढच्या शाळेत मिळवू, असं वरून कळवलं गेलं. ओढा ओलांडून लहान पोरं पावसाळ्यात तिकडे कशी जाणार, हे कळवायला वरचे विसरले असावेत.

यंदा परीक्षा झाल्यावर गोरख सरांनी इंद्रायणीला बोलावून घेतलं. सर तरुण, मनाने मऊ, आणि मऊ माणसाची सवय म्हणून आधी पाच मिनिटं दुसरंच बोलत बसले. मग म्हणाले की प्राचीला वाचता येत नाही.

इंद्रायणीला हसूच आलं. प्राची तिची तिसरीतली लेक, रोज संध्याकाळी पुस्तक मांडीवर घेऊन घडाघडा धडे वाचते, पान संपलं की बरोबर पान उलटते. सर म्हणाले, पुस्तकातलं तिला सगळं पाठ आहे. वर्गात दुसऱ्यांनी वाचलेलं एकदा कानावर पडलं की तिच्या डोक्यात बसतं. या खेपेला मात्र नवा उतारा आला होता, वर शेळीचं चित्र. प्राचीने उताऱ्यावर बोट ठेवलं आणि अगदी वाचण्याच्या सुरात सांगितलं की आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक तांबडं, एक काळं, काळं लई खोडकर. उताऱ्यात यातलं काहीच नव्हतं. सरांनी तिला मध्येच थांबवलं नाही. तिला आपण वाचत नाही आहोत, हे माहीत नव्हतं.

घरी येऊन इंद्रायणीने मिठाच्या पिशवीवरचं नाव लेकीला वाचायला दिलं. प्राचीने पिशवीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “मीठ.” अक्षरं दुसरीच होती. मग ती म्हणाली की परीक्षेत मी सरांना समदं वाचून दावलं, सर कायबी बोलले न्हाईत. वाचणं म्हणजे पुस्तक धरून बोलणं, असं तीन वर्षं ही पोर धरून बसली होती, आणि भिंतीवर अख्ख्या शाळेचा हिशेब मांडणाऱ्या आईला घरातलं हे दिसलं नव्हतं. त्या रात्रीचा स्वयंपाक तिने केला, पण भाकरी दोनदा करपली.

पुढच्या आठवड्यात सुटकेच्या वाटा एकेक करून समोर आल्या. सुनीलने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, पोरीला आळ्याला माझ्या बहिणीकडं धाड, तिकडं शाळा भारी. म्हणजे अकराचे दहा होणार, आणि बाकीच्या दहा पोरांची शाळा ओढ्यापलीकडे जाणार. गोरख सरांनी मान खाली घालून सुचवलं की परीक्षेच्या दिवशी प्राचीला गैरहजर दाखवता येईल. मग दहा जणांनी परीक्षा दिली, दहाही वाचतात, असं लिहायचं. कुणी विचारणार नाही, उन्हाळ्यात तिला मी शिकवतो, असंही म्हणाले. इंद्रायणीने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत तिचं मनातल्या मनात हो झालं होतं.

तिसरी वाट घेऊन सोमाजी स्वतः दारात आला. खेडेगावात बातमीला चपला लागत नाहीत. पाणी प्यायला आणि अगदी मायेने बोलायला लागला.

“अध्यक्षीणबाई, लेकराची अब्रू भिंतीवर टांगायची हौस कुणाला असती? सभेत तुमी म्हना, फळा पुसू. मी पयला हात वर करतो. पर मग समदाच पुसू. एक रकाना ठिवून दुसरा पुसला, तर लोक नावं ठिवतील.”

इंद्रायणीला सगळं समजलं. शाळेच्या संडासांचे पैसे यंदाच आले होते.

राहिली ठमाबाई. दुसऱ्या दिवशी खिचडीची भांडी घासताना इंद्रायणी तिच्याशेजारी बसली, न सांगता टोप ओढून घेतला आणि घासता घासता सगळं सांगून टाकलं. सरांनी गैरहजर दाखवायचं सुचवलं, तेही. ठमाबाई टोमणा मारील, एक वेळ शिव्या देईल, मग आपल्याला मोकळं वाटेल, असा हिचा हिशेब. ठमाबाईने टोपात पाणी ओतलं.

“पोरीचं लिवूच, असं मी म्हननार न्हाई,” ती म्हणाली. “माजंबी काळीज हाय. पर झाकलंस, तर माजा ऋतिक कशापायी गेला, तेवढं मला सांग.”

इंद्रायणीने तिथेच बसून तो टोप घासला, स्वच्छ झाल्यावरही घासत राहिली. माहेरी तिला कुणी विचारलं नव्हतं, सासरी कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या दोन्ही ठिकाणी तिला असं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. हा चौकोन तिने स्वतः रंगवून घेतला होता, आणि त्यातून बाहेर पडायला कुठेही फट ठेवली नव्हती.

सभेला वाडी झाडून जमली. बायका ओट्यावर, पुरुष पारावर, पोरं भिंतीपाशी. इंद्रायणी खडू घेऊन उभी राहिली तेव्हा सोमाजीने तिच्याकडे बघून मान हलवली, आता बोला म्हणून. ती बोलली नाही. पहिल्या रकान्यात तिने अकरा लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. दुसऱ्यात संडासांचे आलेले पैसे लिहिले, खर्चाची जागा मोकळी ठेवली आणि सोमाजीकडे न बघता सांगितलं की खर्च कळला की भरू. पारावर दोन-चार जण खाकरले.

मग तिसरा रकाना. हात वर गेला आणि तिथेच राहिला. गोरख सर जमिनीकडे बघत होते. ठमाबाई दारात उभी होती, तीही कुठेतरी दुसरीकडेच बघत होती. नजरेनेसुद्धा तिच्यावर सक्ती कुणीच केली नाही, हे जास्त वाईट होतं. इंद्रायणीने दहा लिहिलं आणि वाचलं, “वाचता येनारी मुलं, दहा.” आवाज नीट निघाला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

राहिलेलं एक कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकटीलाच, आणि ती पोरांत सगळ्यात पुढे बसली होती, आई फळ्यावर लिहिते म्हणून ऐटीत. गणितात प्राची वर्गात पहिली. अकरा नि दहा तिला नीट वाचता येत होते. तिच्या कपाळाला आठी पडली. बोटांवर एकेक पोर मोजत ती मोठ्याने बोलू लागली, समर्थ वाचतो, आदेश वाचतो, मोहिनी वाचती. दहा बोटं पोरांची झाली. मग तिने छातीवर हात ठेवला, मी वाचती. आणि उठून उभी राहिली.

“आई, सर चुकल्यात. समदी अकरा वाचत्यात. अकरा कर.”

पारावरून सोमाजी हळूच म्हणाला, “करा की, अध्यक्षीणबाई.” त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. कुणाच्याच तोंडावर नव्हती. तिने त्या क्षणी दहा पुसून अकरा केले असते, तर वाडीतल्या एकाही माणसाने हू की चू केलं नसतं. खडू हातात होता. लेक वर बघत होती, आई आता चूक दुरुस्त करणार म्हणून वाट बघत होती.

इंद्रायणीने ठमाबाईकडे पाहिलं. ठमाबाईने नकारार्थी मान हलवली. दहा नको ठेवू म्हणाली, की नको पुसू म्हणाली, ते कळायला मार्ग नव्हता.

इंद्रायणी खाली बसली. लेकीच्या तोंडासमोर तोंड आणलं. हळू बोलायचं तिच्या मनात होतं, पण इतकी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

“दहाच हायेत, बाळा. सर चुकले न्हाईत.”

प्राचीने आईकडे बघितलं, मग फळ्याकडे. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, समर्थ, आदेश, मोहिनी, पण आता मनातल्या मनात, नुसते ओठ हलत होते. दहा बोटं झाली. हात छातीकडे आला आणि अलीकडेच थांबला. मग तिने तो फ्रॉकच्या मागे नेला आणि पोरांत जाऊन बसली, सगळ्यात मागे.