मुठीतल्या अक्षता

आमच्या घरात सिनेमा एकीनं पाहायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. पाहणारी मी, कारण मी नऊ वर्षांची होते आणि वडिलांच्या मागे लकडा लावायला मला लाज वाटत नसे. ऐकणारी मुख्यतः आत्या. तिचे यजमान संस्थानच्या पलटणीतून जर्मन लढाईवर गेले ते गेलेच; ना पत्र, ना तार. अशा बाईनं खेळ बघत हिंडू नये, असं आमच्या मोहल्ल्यातल्या, शिंदे की छावनीतल्या, साऱ्या शहाण्या बायकांचं मत होतं. येत्या दिवाळीत त्यांना बेपत्ता होऊन बारा वर्षं भरणार होती. मग त्यांचं क्रियाकर्म उरकायचं आणि आत्याचं कुंकू पुसायचं, हे वडीलधाऱ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मला त्या वडीलधाऱ्यांचा राग यायचा. अजूनही येतो.

त्या श्रावणात शहरातल्या लष्कर भागातल्या थेटरात एक मूकपट आला, मराठी कादंबरीवरून काढलेला. पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस पडद्यावरच्या लेखी पाट्या हिंदीतून मोठ्यानं वाचायचा. पेटी वाजत होती, समोर पांढरी नदी वाहत होती, आणि मी अर्धी खुर्चीत, अर्धी त्या पाण्यात. शेवटी शिपाई मेल्याची खबर येते आणि त्याची बायको नदीत चालत जाते. परतताना टांग्याखालचा रस्ताही मला हलताना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची कहाणी वाचून झाली. आत्या म्हणाली, "चल, अब तुझी सांग." हातातल्या अक्षता तिनं देवीला वाहिल्याच नाहीत. कहाणी ऐकताना अक्षता मुठीत धरायच्या, शेवट गोड झाला की वाहायच्या. सिनेमालाही तिनं तोच नियम लावला.

मी सांगत नदीपर्यंत आले आणि तिच्या मुठीकडे माझं लक्ष गेलं. बुडालेल्या बाईच्या अक्षता देवीला कशा वाहायच्या?

"इतक्यात मागून हाक आली," मी ठोकून दिलं. "दाढी वाढलेली, जखमी हात गळ्यातल्या झोळीत. पण तोच."

आत्यानं शांतपणे अक्षता वाहिल्या.

पुढे वडिलांनी वाचनालयातून तीच कादंबरी आणली. मी ती गव्हाच्या कोठीत लपवली. आत्यानंच ती काढली, धूळ झटकली आणि म्हणाली, "लग्नाआधीच वाचलीय गं मी. ती बुडते." मला रडू कोसळलं. तिनं माझे डोळे पुसले.

दिवाळी झाली. क्रियाकर्माच्या दिवशी सकाळी, गुरुजी यायच्या आधी, आत्या अक्षता घेऊन माझ्यापुढे बसली. कपाळावर कुंकू ठसठशीत होतं.

"शिपायाची सांग. तुझीवाली."

मी सांगितली. नदी आली, मागून हाक आली.

"काय म्हणून हाक मारली त्यानं?"

 शेवटी तिनंच हलकेच एक नाव सांगितलं. तिचं सासरचं नाव, लग्नात यजमानांनी ठेवलेलं. घरातले सगळे तिला माहेरच्या नावानं हाक मारायचे. बारा वर्षांत त्या नावानं तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

मग तिनं मूठ उघडली.