अष्टमीला मालवलेला नंदादीप

माझ्या भक्तीवर माझाच फारसा भरवसा नाही, हे आधीच सांगून टाकते. देवापुढे बसले की अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असतं आणि उरलेलं, आपण किती मनापासून बसलोय हे कोणी बघतंय का, याकडे. त्यामुळे "मला प्रचिती आली" असं डोळे मिटून सांगणाऱ्या बायकांचं मला थोडं कौतुक वाटायचं आणि बरंच हसू यायचं. आता त्याच रांगेत जाऊन बसायची पाळी माझ्यावर आली आहे. गेल्या नवरात्रात आमच्या घरी जे झालं त्यात देवीची कृपा किती आणि माझा गाढवपणा किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. जसं झालं तसं लिहिते.

आम्ही सहा वर्षं कोलकात्यात आहोत. यांची नोकरी गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत, आणि घर बेहालात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. श्रावणात यांच्या छातीत दुखायला लागलं आणि चार दिवसांत बायपास करावी लागली. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी देवीला बोलले की यांना घरी आण, नवरात्रात नऊ दिवस अखंड नंदादीप लावीन, एक क्षणही विझू देणार नाही. हे घरी आले. चेहरा उतरलेला, चार पावलं टाकली की दम लागायचा, पण आले. मग घट बसवले, चौरंगावर समई ठेवली, ज्योत लावली, आणि ज्या दिव्याने मला धीर द्यायचा त्याचीच मला धास्ती बसली. हा दिवा विझला तर यांना काहीतरी होणार, असं मी मनाशी पक्कं धरून चालले होते. हे बोलून दाखवायची सोय नव्हती. यांनी हसून मला वेड्यात काढलं असतं. मी तेल घालत राहिले, वात सारत राहिले, वारा लागू नये म्हणून हॉलच्या खिडक्या अर्ध्या मिटून घेतल्या आणि अंघोळसुद्धा कावळ्यासारखी उरकली.

आता माशीमांबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गात असल्यासारखा. मावशीला इथे माशीमा म्हणतात आणि त्या मला बउमा, म्हणजे सूनबाई म्हणतात. त्यांचं माहेर पूर्व बंगालातलं, त्यामुळे त्यांना शुटकीची, म्हणजे सुक्या मासळीची भारी आवड. शुटकी शिजायला लागली की तो वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आम्ही शाकाहारी, त्यात माझं नाक तिखट. तोंडाने मी कधी ब्र काढला नाही. नुसती खिडकी लावायचे, जरा आवाज करून. त्या आवाजाचा अर्थ त्यांना कळत नसेल असं मी सहा वर्षं समजत होते.

अष्टमीच्या सकाळी मी नैवेद्याची खीर केली आणि शेगडी बंद केली. सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करायची मला सवयच नव्हती. नवरात्राचं सोवळं म्हणून रोज ओट्याखाली लादी पुसायची माझी पद्धत, तीही त्या दिवशी चुकवली नाही. सिलिंडर बाहेर ओढला, पुसलं, पुन्हा आत ढकलला. हे रोज करताना मागची रबरी नळी ताणली जातेय, हे माझ्या गावीही नव्हतं. थोड्या वेळाने तेल आणायला स्वयंपाकघरात गेले तर वास. कुबट, सडक्या कांद्यासारखा. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: माशीमांनी अष्टमीलाही शुटकी टाकली. मला रागच आला. देवीचा दिवस, माझा दिवा तेवतोय, आणि खालून हा वास. मी खिडकी नेहमीपेक्षा जोरात लावली. वास हॉलमध्ये देवीपर्यंत जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. एवढं करून हात धुतले, पाटावर बसले आणि पाठ म्हणायला सुरुवात केली.

हे आतल्या खोलीत झोपले होते. औषधांनी त्यांना सकाळची गुंगी असायची. मी पाठ म्हणत होते, पण मन ठिकाणावर नव्हतं. मधूनच वासाची एक झुळूक यायची आणि मी माशीमांना मनातल्या मनात बोल लावायचे. शेवटी ठरवलं, दोन उदबत्त्या आणखी लावाव्यात. काडेपेटी हातात घेतली. एवढ्यात दारावर थाप पडली. एक नाही, लागोपाठ चार.

दार उघडलं तर माशीमा. अंजलीला, म्हणजे मंडपातल्या पुष्पांजलीला जायची लाल काठाची साडी नेसलेल्या, केस ओले, धाप लागलेली. मला आश्चर्य वाटलं ते थापेचं, कारण त्या नेहमी बेलवर बोट ठेवायच्या आणि दार उघडेपर्यंत काढायच्या नाहीत. माझ्या कपाळावरची आठी मी लपवली नसावी.

"बउमा, तुम्हारा रान्नाघर से गैस लीक करता है," त्या म्हणाल्या. रान्नाघर म्हणजे स्वयंपाकघर. "हमारा सिंक का पाइप के पास से गंध नीचे आ रहा है."

मी म्हटलं, "माशीमा, वह तो आपके यहाँ मछली..."

"आज अष्टमी है. अंजली नहीं हुआ, हम सुबह से जल भी नहीं लिया. हमारा चूल्हा कल रात से बंद है."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. मी वळून स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं, मग दारापासून चार हातांवर तेवणाऱ्या समईकडे. माशीमांच्या आवाजात घाई होती, घबराट नव्हती. "कोई सुइच नहीं छूना. भीतर पंखा चलता है, चलने दो. फोन भी यहाँ नहीं, बाहर जाकर. सबसे पहले दीया."

मी हलले नाही. मला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं आहे. आत माझा नवरा झोपलेला, घरात गॅस भरत चाललेला, आणि मी त्या ज्योतीकडे बघत उभी. आठवा दिवस होता. एकच दिवस राहिला होता. दिवा मी माझ्या हाताने विझवला तर ज्यांच्यासाठी लावला त्यांचं काय, एवढंच डोक्यात घोळत होतं. मी कसंबसं म्हटलं की हा यांच्यासाठी बोललेला दिवा आहे, नऊ दिवस विझवायचा नाही. वाटलं होतं, बाई खेकसतील आणि स्वतःच पुढे होऊन विझवतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. दोष त्यांच्या माथी गेला असता.

त्या पुढे झाल्या नाहीत. म्हणाल्या, "माँ का दीया है, हम हाथ नहीं देगा. तुम जलाया, तुम नेभाओ. माँ दीया नहीं देखती, बउमा. माँ अपना बच्चा को देखती है." नेभाओ म्हणजे विझव. मग त्या थेट आतल्या खोलीत गेल्या आणि यांना उठवतानाचा त्यांचा आवाज मला ऐकू आला.

मी चौरंगापुढे बसले. फुंकर मारायची नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. घटावरचं एक झेंडूचं फूल घेतलं आणि त्याने वात तेलात दाबली. ज्योत गेली. उदबत्तीचं टोक फुलपात्रातल्या पाण्यात बुडवलं. घर एकदम अंधारलं असं मला वाटलं, वास्तविक सकाळचे अकरा वाजले होते. मी देवीला म्हटलं, "आता माझ्याकडे काही नाही. तूच बघ." आजवर शेकडो वेळा हात जोडले असतील, पण हे शब्द पहिल्यांदा खरे होते.

मग हातपाय चालायला लागले. हॉलच्या खिडक्या सताड उघडल्या, नाकाला पदर लावला, फडकं काढून स्वयंपाकघराचं दार उघडलं. वास अंगावर आला. श्वास रोखून वाकले, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, दिव्याच्या बटणाकडे नजरसुद्धा न टाकता बाहेर पडले. माशीमा यांना धरून जिना उतरत होत्या, एकेका पायरीवर थांबत, कारण छातीची जखम अजून कोवळी होती. "अगं, चहा तरी..." हे झोपेतच म्हणाले. जिन्यात अंधार होता, दिवा कोणीच लावला नाही. तळमजल्याचं कुटुंब पूजेला गावी गेलेलं, माशीमांनी आपल्या घराच्या खिडक्या वर येण्याआधीच उघडून ठेवलेल्या. इमारतीत मागे कोणी राहिलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला मंडपाजवळ पोहोचल्यावर मी गॅसच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि शांतपणे पत्ता सांगितला.

गॅसवाला येईपर्यंत आम्ही मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. ढाक, म्हणजे इथला पूजेचा ढोल, वाजत होता, बायका अंजलीसाठी फुलं वाटून घेत होत्या. मला राहवेना. मी माशीमांना सगळं सांगून टाकलं, शुटकीचा वास समजून खिडकी आपटली ते आणि सहा वर्षं आपटत आले तेही. त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई वळून बघायला लागली. "हमको मालूम है," त्या म्हणाल्या. "और तुम जब हरा मिर्ची भूनता है न, हम एक घंटा खाँसता है. हम भी जानला बंद करता है. लेकिन आस्ते." जानला म्हणजे खिडकी, आस्ते म्हणजे हळू. यांना ठेच्याबद्दल माझी फजिती झाल्याचा फार आनंद झाला. ऑपरेशननंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

सण असूनही माणूस तासाभरात आला. मध्यमवयाचा, अबोल. घर चांगलं हवा खाईपर्यंत त्याने आम्हाला खालीच थांबवलं. मग साबणाचं पाणी लावून नळी दाखवली. मागच्या बाजूला जिथे ती भिंतीला घासत होती तिथे बारीक चीर, आणि तिथून फेसाचे बुडबुडे. नळी बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती, सिलिंडर असा रोज ओढायचा नसतो, काम झालं की रेग्युलेटर बंद करायचा, हे त्याने मला ऐकवलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. हा गॅस जड असतो, जमिनीलगत पसरतो, तेही त्यानेच सांगितलं. दाराबाहेर पडलेलं ओलं फडकं पाहून त्याने विचारलं, हे कशाला? मी खरं सांगितलं. तो समईकडे बघून म्हणाला की या फडक्यामुळे गॅस इकडे कमी आला असेल, जास्त खालीच उतरला. खाली चूल पेटलेली असती तर, एवढं बोलून तो थांबला. पुढचं माशीमांसमोर त्याने बोलायचं टाळलं.

त्या "तर"चा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या नाकाच्या तोऱ्याने मला वास ओळखू दिला नाही, आणि त्याच तोऱ्याने कोंबलेलं फडकं माझ्या दिव्याच्या आणि गॅसच्या मध्ये आलं. ज्या बाईचा मी मनात उद्धार करत होते ती उपाशी होती म्हणून तिची चूल थंड होती, आणि चूल थंड होती म्हणून तिला वास कळला. याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. अष्टमीला लाल काठाची साडी नेसून माझ्या दारात कोण उभं होतं, ते माझ्यापुरतं मला कळलं आहे.

दिव्याचं मात्र मनात सलत होतं. समई मी दुपारी परत लावली, पण अखंड म्हणायची आता सोय नव्हती. संध्याकाळी माशीमा आम्हाला संधिपूजेला घेऊन गेल्या. अष्टमी संपून नवमी लागते त्या वेळी मंडपात एकशे आठ दिवे लावतात. बायका ओळीने बसून लावत होत्या, माझ्याही हातात एक पणती दिली. मोकळा मंडप, वारा सुटलेला. मी लावलेली पणती लगेच गेली. मी घाबरून आजूबाजूला पाहिलं. एकीचीही गेली होती, पलीकडच्या तिघींच्याही. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. समोरच्या बाईने बोलणं न थांबवता आपली पणती माझ्या पणतीला टेकवली, ती पेटली, आणि बाई पुढच्या विझलेल्या पणतीकडे वळल्या. हे मागे खुर्चीवर बसून बघत होते. तेवढ्यात यांच्या पायाशी ठेवलेली एक पणती वाऱ्याने गेली. हे खुर्चीवरून सावकाश वाकले, छातीवर एक हात धरून, आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या ज्योतीवरून ती लावली. मी ते पाहिलं आणि रडू लागले. माशीमांनी माझ्या हातात आणखी एक पणती ठेवली.