माउसला हात न लावणाऱ्या बोलाबाई

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कोणाचं काही अडलं, की पोरं बाईंना हाक मारत आणि बाई नेमक्या त्या कॉम्प्युटरकडे पाठ करून उभ्या राहत. हात मागे बांधलेले, नजर खिडकीबाहेर. "हां, बोला," एवढंच म्हणत. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, बोलाबाई. नाव अर्थातच त्यांच्या पाठीमागे घ्यायचं होतं, पण बाईंच्या कानावर ते केव्हाच आलं होतं आणि त्यांना मनातून आवडलंही होतं.

ही सवय त्यांना टेलिफोनच्या ऑफिसात लागली. तरुणपणी त्या तक्रारींच्या टेबलावर बसत. घरचा फोन बंद पडला की लोक शेजाऱ्यांकडून फोन करून बाईंवर आग पाखडत. बाईंना ना तो फोन दिसे ना त्याची वायर. हाताशी होतं ते फक्त समोरच्याचं बोलणं. बंद आहे म्हणजे काय? घंटी वाजत नाही, की वाजते पण आवाज येत नाही? काल चालू होता, तर मध्ये घरात काय हललं? असं विचारत विचारत त्या माणसाला त्याच्याच फोनपाशी नेऊन उभं करत. पुष्कळदा उत्तरं देता देताच तो ओशाळून म्हणे, "थांबा हं, कपाट सरकवताना वायर निघालेली दिसतेय." पुढे ती टेबलं गेली, ऑफिसनं माणसं कमी केली. बाईंनी रडत न बसता कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं आणि या शाळेत नोकरी धरली.

इथल्या पोरांना कॉम्प्युटरची भीती अजिबात नव्हती. पण काही बिघडलं, की हात वर करून "बाई, चालत नाही" म्हणायचं आणि गप्पा मारत बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाईंनी ते वाक्यच वर्गातून हद्दपार केलं.

"चालत नाही हे गाढवाबद्दल सांगायचं," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरबद्दल सांगताना, काय दिसतंय, काय दिसायला हवं होतं आणि त्याआधी तू काय केलंस, ते सांगायचं."

पहिली दोन उत्तरं मिळत. तिसऱ्याला सगळ्यांची दातखीळ बसे. एकदा मागच्या बाकावरच्या दांडगोबाचा पडदा काळा झाला.

"मी काही केलं नाही, बाई."

"मी तुला पकडायला नाही आले. डॉक्टरला सांगतोस तसं सांग."

"बसलो होतो नुसता." मग पायांकडे बघत, "पाय लांब केले होते."

बाई खिडकीबाहेरच बघत होत्या. पोरगा टेबलाखाली वाकला, निघालेली वायर त्यानं दाबून बसवली आणि कॉम्प्युटर घुर्र करून उठला. बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दिवसापासून तो दांडगोबा इतरांच्या टेबलांखाली वाकून वायरी तपासू लागला.

त्याच वर्षी गणिताचे नवे सर आले. हुशार, चपळ आणि मदतीला तत्पर. तेही काही तास कॉम्प्युटरच्या खोलीत घेत. कोणाचं अडलं की ते माउस हातात घेत, चार ठिकाणी टिकटिक करत, की काम फत्ते. पोरं त्यांच्यावर खूश होती, मुख्याध्यापकही. मुख्याध्यापकांनी एक दिवस बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, सरांच्या तासाला बिघाड चुटकीसरशी निघतो. तुमच्या तासाला नुसती उलटतपासणी चालते. पालक तक्रारी करतात."

"पालकांना माझ्याकडे पाठवा ना. तक्रारी ऐकण्यातच माझी उमेदीची वर्षं गेलीत."

मुख्याध्यापकांना हसू आलं, पण त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका नामांकित शाळेशी व्हिडिओवरून संयुक्त वर्ग ठरला होता. पोरांनी अंधारात आणि उजेडात रोपं वाढवली होती, ती दाखवून माहिती सांगायची होती. "त्या दिवशी मशीनवर सर बसतील," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. वाईट वाटलं नाही असं नाही, पण वाद घालण्यासारखं त्यात त्यांना काही दिसलं नाही.

आणि नेमकं त्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं. बाईंनी पर्स उचलली, शाळेत कळवलं आणि तडक निघाल्या.

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात जावई येरझारा घालत होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला तेच विचारत होता आणि प्रत्येक नर्स त्याला तेच सांगत होती. बाईंनी त्याला पाणी पाजून बाकावर बसवलं, तोच त्यांचा फोन थरथरला. मुख्याध्यापकांचा नंबर, पण आवाज चिमणीचा. चिमणी म्हणजे त्यांच्या वर्गातली बारीक आवाजाची मुलगी. त्या आवाजापायी ती वर्गात तोंड उघडत नसे. "बारीक आवाज वायरीतून स्वच्छ जातो," असं सांगून बाईंनीच तिला बोलतं केलं होतं.

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "हां, बोला."

"बाई, त्यांना आपला आवाज जात नाहीये. सर घामाघूम झालेत."

"काय दिसतंय?"

"ते सगळे दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं. आपण बोललो की ते कानाला हात लावून मान हलवतात."

"आपला माइक?"

"बोललं की हिरवी पट्टी हलते. दुसरा लावून पाहिला, तरी हलते. सरांनी सगळं बंद करून परत चालू केलं. मग मी चित्रकलेच्या बाईंचा मोबाइल घेऊन पलीकडच्या खोलीत गेले आणि तिथून त्याच व्हिडिओच्या वर्गात शिरले. मोबाइलवर आपल्या मुलांचा आवाज नीट येतोय."

बाईंनी स्वतः याहून वेगळं काही विचारलं नसतं.

"मग बिघाड कुठे उरला?"

"त्यांच्याकडे."

"हे तुला केव्हा कळलं?"

"तुम्हाला फोन करायच्या आधीच."

"मग फोन कशाला केलास, बाळ?"

चिमणीचा आवाज आणखी बारीक झाला. "ती केवढी मोठी शाळा आहे. तुमचं बिघडलंय असं त्यांना कसं सांगायचं? सरसुद्धा म्हणाले, त्यांच्याकडे कसं बिघडेल."

"हे बघ, माझ्या टेबलावर बड्या बड्या साहेबांचे फोन यायचे. तुमचं चुकलं म्हटलं की फोन आपटायचे. म्हणून मी तुमचं म्हणायचेच नाही. आपण मिळून बघू या, म्हणायचे."

"पण बाई, त्यांना ऐकूच येत नाहीये."

"लिहिता येतं ना तुला?"

पलीकडे खुदकन हसण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुपारी नात झाली. लालबुंद, मुठी आवळलेली, आवाजानं दवाखाना दणाणून सोडणारी. लेक दमून पडली होती, तरी तिनं विचारलंच, "आई, मी आत ओरडत होते तेव्हा तू भिंतीशी काय बोलत होतीस म्हणे?"

"शाळेचा फोन होता."

"आणि माझ्यासाठी काय केलंस?"

"तुझ्या नवऱ्याला बाकावर बसवून ठेवलं. ते सोपं होतं असं वाटतं तुला?"

लेक हसली आणि पोटात कळ आली म्हणून कण्हली.

संध्याकाळी गणिताच्या सरांचा फोन आला. चिमणीनं पडद्यावर लिहून पाठवलं होतं: आमचा आवाज इथल्या मोबाइलवर येतोय, आपण मिळून बघू या का, तुमच्या स्पीकरच्या चित्रापुढे कोणतं नाव दिसतंय? तिकडच्या एका मुलीनं बघून उत्तर दिलं, हेडफोन. व्यासपीठावर कोणीतरी विसरून गेलेला हेडफोन तिनं उचलून कानाला लावला आणि हसत सुटली. सकाळपासूनचं इकडचं सगळं बोलणं त्या हेडफोनमध्ये जात होतं. तो काढून टाकल्यावर वर्ग असा रंगला, की त्या शाळेनं पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय.

"मी शेवटी माउस सोडून उठलो, बाई," सर म्हणाले. "मला वाटायचं, मी मुलांचा वेळ वाचवतोय."

"वाचवतच होता. परीक्षेच्या दिवशी कोणाचं अडलं, तर मी स्वतः तुम्हालाच बोलावणार आहे. एरवी मात्र हात मागे."

बाई रजेवरून परतल्या, तर वरच्या वर्गांत त्यांना फारसं कोणी हाक मारेना. पोरं आपापसांतच एकमेकांना प्रश्न विचारत होती, भांडत होती, मार्ग काढत होती. बाईंनी दोन दिवस ते मजेत पाहिलं आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळ्यांत लहान मुलांचा वर्ग मागून घेतला.

"त्यांना अजून डावं-उजवं कळत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग तिथूनच सुरुवात करू," बाई म्हणाल्या.

पहिल्याच तासाला एक चिमुरडा डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला. "बाई, माझा पडद्यावरचा बाण पळून गेला."

बाईंनी पाठ केली, हात मागे बांधले. "बरं. पळाला तेव्हा तोंड कुणीकडे होतं त्याचं? दाराकडे, की फळ्याकडे?"

मुलानं नाक पुसलं आणि तो आठवायला लागला.