अस्वलाची पाहणी

दिल्लीत सरकारी नोकरीत मुरलेला माणूस कुठेही नुसता जात नाही. आधी तो बोलून ठेवतो. दवाखान्यात, शाळेत, अगदी देवळातसुद्धा. तिकीट काढून रांगेत उभं राहणं आमच्या कॉलनीत कमीपणाचं मानतात. आम्ही मूळचे नागपूरकडचे. तिकडे आम्हाला कुणी हिंग लावूनही विचारत नाही. पण वीस वर्षांत आम्हालाही ही सवय लागली.

म्हणून जानेवारीत लेकीला बर्फ दाखवायला हिमाचलात निघालो आणि तिनं तिथलं प्राणिसंग्रहालय बघायचा हट्ट धरला, तेव्हा नवऱ्यानं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. सहकाऱ्यानं त्याच्या बॅचमेटला केला, बॅचमेटनं आणखी कुणाला. निरोप डोंगर चढून वर पोचेपर्यंत ‘नवरा-बायको आणि मुलगी’चं ‘दिल्लीहून मंत्रालयाची टीम, तीन सदस्य’ झालं होतं. तिसरा सदस्य चौथीत होता आणि त्याच्या टोपीला सशाचे कान होते.

फाटकाशी पोचलो तर वाटेवरचा बर्फ उपसून ठेवलेला. बाकीचे लोक शेजारच्या उतारावरून भाड्याच्या गमबुटांत घसरत चालले होते. साहेब येणार म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा मारायच्या, हा नियम. त्याप्रमाणे त्या मारल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र बर्फावर पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या! तिथले अधिकारी त्या न दिसणाऱ्या रेघांमधून आम्हाला मोठ्या अदबीनं घेऊन गेले.

आधी मत्स्यालय. बाहेर उणे तापमान आणि आत गरम प्रदेशातले रंगीत मासे. त्यांच्यासाठी हीटर लावलेला, त्यामुळे सगळा स्टाफ स्वागतासाठी नेमका तिथेच जमला होता. ते काचांना पाठ लावून ओळीनं उभे राहिले. आम्ही मफलर पाहिले, मासे फारसे दिसले नाहीत. तरी मी मान डोलवून “बहुत बढ़िया” म्हटलं.

“सांगून टाकूया का यार, की आपण कुणी नाही?” नवरा कानात पुटपुटला.

“चहा तर होऊ दे,” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मी ज्या सेक्शनमध्ये बसते, तिथे सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या-टेबलांची मापं ठरतात. आमचा प्राण्यांशी संबंध एवढाच की जुन्या फायली उंदीर खातात. ऑफिसात माझ्यासाठी कुणी दारसुद्धा धरत नाही. इथे एक माणूस माझ्यावर छत्री धरून चालत होता. हरभऱ्याच्या झाडावर चढायला आणखी काय लागतं?

हिमबिबट्यानं आमची दखल घेतली नाही. तो पाठ करून झोपला होता. पाहणीला न घाबरणारा तिथला तेवढा एकच.

सगळ्यात शेवटी अस्वल होतं. म्हातारी मादी. बर्फात फतकल मारून बसलेली, पाठीवर बर्फाचा थर. तिची देखभाल करणारा पन्नाशीचा गडी तिला गूळ लावलेली रोटी देत होता.

“आई, भालूला ठंडी नाही लागत?” लेकीनं विचारलं.

त्याला अर्धंच कळलं असावं, पण तो हसला. “इसको ठंड ही अच्छी लगती है, बेटा.”

अधिकारी शेऱ्याचं रजिस्टर आणायला गेले, तसा तो जवळ आला आणि त्यानं हात जोडले. “मैडम, इसको गर्मियों में नीचे भेज रहे हैं. मैदान के नए चिड़ियाघर में. यह वहाँ नहीं बचेगी. अठारह साल से मेरे पास है.” त्यानं स्वेटरच्या आतून घडी केलेला कागद काढला. अर्ज होता. खाली साऱ्या गावाच्या सह्या आणि अंगठे. रविवारी गावकऱ्यांना घेऊन तो आमदाराकडे जाणार होता. “पर आप ऊपर से बोल दें, तो हम क्यों जाएँ?”

खरं बोलायची हीच वेळ होती. छत्री माझ्या डोक्यावर होती. मी म्हटलं, “मैं देखती हूँ. आप चिंता मत कीजिए.”

त्यानं कागद पुढे केला.

“इसकी ज़रूरत नहीं,” मी म्हटलं. कागद घेतला असता, तर काहीतरी करावं लागलं असतं. त्यानं तो परत नीट घडी घालून आत ठेवला. मग मी रजिस्टरमध्ये ‘उत्तम व्यवस्था’ लिहिलं, सही केली आणि सवयीनं खाली फोन नंबरही लिहिला.

गाडीत लेकीनं विचारलं, “तू बोलणार ना आई, भालूसाठी? पक्का?”

“पक्का.”

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

दिल्लीत परतल्यावर मी मनातल्या मनात पत्र दोनदा लिहिलं. कुणाला पाठवू? आणि तुम्ही पाहणी कोणत्या अधिकारात केलीत, असं उलट विचारलं तर? माझीच चौकशी लागायची. मी घाबरले आणि गप्प बसले. लेक आठवडाभर विचारत होती. मी “हो, चाललंय” म्हणत होते.

मे महिन्यात दुपारी ऑफिसात फोन वाजला. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पलीकडून तोच आवाज, जराही राग नसलेला.

“मैडम, गाड़ी आ गई है. आपने कहा था, इसलिए हम और किसी के पास गए ही नहीं. ऑर्डर शायद रास्ते में होगा?”

मागे माणसांचा गलबला आणि लोखंडी पिंजरा ओढल्याचा आवाज येत होता. मग त्यानं हळूच विचारलं, “मैडम, नीचे अभी गर्मी बहुत है क्या?”

मी एसीखाली बसले होते.

“नहीं,” मी म्हटलं, “इतनी भी नहीं.”