लाल कोटाचा सीन

जालन्यात स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान चालवणारे चाचा पूर्वी व्हिडिओ लायब्ररीवाले होते. एकाच जुन्या जासूसी पिक्चरची कॅसेट आणि नवी डिस्क ते दोन टीव्हींवर शेजारी शेजारी लावतात आणि फरक दाखवायला मला बोलावतात.

"नव्यात अंधारातलं पिस्तूल बी दिसून राह्यलं. कॅसेटीत नुस्तं काळं. बराबर?"

"बराबर."

दर खेपेला डिस्कच जिंकते. नायिका लाल कोटात बर्फात उतरते, तिथं मात्र कॅसेटीवर पांढऱ्या रेघा उमटू लागतात आणि चाचा लगेच कॅसेट बंद करतात.

"चालू द्या की," काल मी म्हटलं.

"न्हाई. तुमच्या चाचीनं हाच सीन मागं घेऊ घेऊ टेप झिजवल्ती. तुटली मंग?"

चाची वारल्या त्याला आता वर्ष होईल.

डिस्कवर लाल कोट लख्ख चालत राहिला. चाचा दुसऱ्या टीव्हीच्या कोऱ्या निळ्या पडद्याकडं बघत होते.